‘बोलायला काय शिकवायचं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

कॉलेजातल्या कम्युनिकेशन स्किल्सच्या पेपरवर मी लिहिलं, त्यावर तुमची खरमरीत प्रतिक्रिया आली. तिच्या खाली दोन ओळी टाकून भागणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तुमच्या मते हा विषय म्हणजे फुकटची क्रेडिट्स. बोलणं ज्याला येतं त्याला येतं, वर्गात शिकवून येत नाही. तुमच्या धाकट्या भावाने ‘सेव्हन सीज’ (चांगल्या संवादाचे ‘सी’ अक्षराने सुरू होणारे सात गुण) घोकून भरपूर मार्क मिळवले आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ ऐकताच त्याची दातखीळ बसली. शिवाय मराठी माध्यमाच्या पोरांना त्यांची जागा दाखवून द्यायलाच हा विषय ठेवलाय, असंही तुम्ही म्हणता. आणि जाता जाता विचारता, भाचीला यंदा हाच विषय आहे, तिने लेक्चरं बुडवली तर काय बिघडेल?

सेव्हन सीजवरून आपलं भांडण नाही. संवादातले अडथळे किती प्रकारचे, ग्रेपव्हाइनचे (ऑफिसातल्या कुजबुजीचे) फायदे-तोटे, प्रॉक्सेमिक्स (बोलताना राखलेलं अंतर) म्हणजे काय नि क्रोनेमिक्स (संवादातला वेळेचा वापर) म्हणजे काय, असले पाच-पाच मार्कांचे प्रश्न पाठ करून कुणाचं तोंड उघडलेलं मी पाहिलेलं नाही. पेपरात ‘क्लॅरिटी’वर दीड पान खरडणारा मुलगा संध्याकाळी मला व्हॉट्सअॅप करतो, ‘मॅम, माय मार्क्स नॉट शोइंग.’ कुठला विषय, कुठली परीक्षा, रोल नंबर काय, काही पत्ता नाही.

त्यात प्लेसमेंटच्या तोंडावर येणारे सॉफ्ट स्किलवाले भर घालतात. त्यांची एक स्लाइड ठरलेली असते : संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांवरून आले. त्या प्रयोगांत सुटे शब्द निरनिराळ्या स्वरांत ऐकवले होते, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाराजी, हे ऐकणारा कशावरून ओळखतो, एवढाच प्रश्न होता. भावना आणि आवडनिवड यांच्याबाहेर हे सूत्र लावू नका, असं खुद्द मेहरेबियन यांनीच सांगून ठेवलंय. पण स्लाइड काही हटत नाही. शब्द खरोखरच ७ टक्के असते, तर तमिळचा गंध नसलेल्या माणसाला चेन्नईच्या बातम्या बघून ९३ टक्के बातमी कळायला हवी होती! पोरं मात्र ते ऐकून टाय सरळ करतात आणि सांगायचं काय, याचा विचारच करत नाहीत.

तेव्हा तुमच्या भावाच्या पदरात जे पडलं ते माझ्याही मते कुचकामीच होतं. मात्र तेवढ्यावरून ‘हे शिकवून येत नाही’ असा निकाल तुम्ही देऊन टाकलात, तो मला मान्य नाही.

मुंबई विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगच्या २०१९च्या अभ्यासक्रमात हा विषय पहिल्या वर्षानंतर पुन्हा पाचव्या सेमिस्टरला यायचा. तिथे सगळा भर टर्मवर्क आणि ओरलवर. रिपोर्ट, प्रपोजल, ग्रुप डिस्कशन, मुलाखत, सभेचं इतिवृत्त असा सगळा हाताने करायचा मामला. मेकॅनिकलच्या एका बॅचमध्ये निफाडकडची एक मुलगी होती. तिच्या गटाचं प्रोजेक्ट होतं कांद्याच्या प्रतवारीचं यंत्र. ती उभी राहिली ती स्लाइडकडे तोंड करून वाचायलाच लागली : भारत कृषिप्रधान देश आहे, महाराष्ट्र कांदा उत्पादनात अग्रेसर आहे, वगैरे. बराच वेळ झाला तरी यंत्राचं नाव नाही. शेवटी मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘अगं पण कांदा लहान की मोठा, हे मशीनला कळतं कसं?’

ती क्षणभर गांगरली आणि मग मराठीतच सुटली. दोन रोलर शेजारी-शेजारी फिरतात. त्यांच्यामधली फट सुरुवातीला अरुंद, पुढे रुंद होत जाते. गोल्टी, म्हणजे अगदी लहान कांदा, आधी खाली पडते, मग मध्यम माल, मोठा कांदा पार टोकापर्यंत जातो. हाताने निवडायला बायामाणसं लागतात आणि ऐन हंगामात ती मिळत नाहीत, म्हणून हा खटाटोप. आता अख्खी बॅच ऐकत होती. मी म्हटलं, हेच पुढच्या आठवड्यात इंग्रजीत सांग, आणि सुरुवात त्या फटीपासून कर. कृषिप्रधान देश राहू दे.

आठवड्याभरात तिचं इंग्रजी काही सुधारलं नव्हतं. ‘स्मॉल अनियन फॉल फर्स्ट’ म्हणाली, क्रियापदाचा ‘एस’ गिळून. पण सेमिस्टरच्या शेवटी ओरलला परीक्षकाने तिला विचारलं, ‘कांद्याचं टरफल रोलरमध्ये अडकत नाही का?’ यंत्र डोळ्यांपुढे उभं राहिल्याशिवाय हा प्रश्न सुचत नाही.

यात मी तिला बोलायला शिकवलं, असा माझा दावा नाही. ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाही ते हेरून तिथून सुरुवात करायची, एवढं तिच्या लक्षात आलं. घरी आरशासमोर उभं राहून हे उमगत नाही, कारण आरसा मध्येच थांबवून ‘म्हणजे काय?’ असं विचारत नाही. तसं विचारणारं कुणीतरी समोर लागतं आणि पुन्हा उभं राहायला वाव लागतो. नोकरीत तो वाव मिळेपर्यंत अप्रेझल होऊन गेलेलं असतं.

पोरांना सगळ्यात रटाळ वाटतात ती मिनिट्स, म्हणजे सभेचं इतिवृत्त. मला विचाराल तर अख्ख्या विषयातलं सत्त्व तिथेच आहे. वर्गात फेस्टची खोटी-खोटी मीटिंग घ्यायची आणि चार-पाच जणांना स्वतंत्रपणे इतिवृत्त लिहायला लावायचं. मग गंमत बघा. कुणीतरी ‘साउंडचं बघतो मी’ म्हणालेला असतो. एकाच्या कागदावर ‘साउंड सिस्टिमवर चर्चा झाली’, दुसऱ्याच्या कागदावर ‘अमुक शुक्रवारपर्यंत कोटेशन आणेल’. तो अमुक चवताळून उठतो, मी शुक्रवार कधी म्हणालो? ज्याला आपण बोलणं समजत होतो त्यात ठरलं काहीच नव्हतं, हे पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. नोकरीतली निम्मी भांडणं याच जातीची असतात.

मग हे सगळीकडे होत का नाही? हिशेब सोपा आहे. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटं दिली तर एका फेरीला पाच तास लागतात, आणि खरी गरज असते ती दुसऱ्या फेरीची. बॅचेस पाडल्या नाहीत, शिक्षक तासिका तत्त्वावरचा असला, तर तो बिचारा सेव्हन सीज डिक्टेट करून पोर्शन संपवतो आणि पोरं सीनियरच्या फाइलवरून जर्नल उतरवून सबमिशन करतात. तुमचा राग या व्यवस्थेवर असेल तर मी तुमच्याच बाजूला उभी आहे.

मराठी माध्यमाचा तुमचा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटला. ओरलला काही परीक्षक ‘कॉन्फिडन्स’चे म्हणून जे मार्क देतात ते पुष्कळदा निव्वळ उच्चारांचे असतात. फाडफाड इंग्रजीत दहा मिनिटं काहीही न सांगणारी मुलंही मी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांना कुणी टोकत नाही, हे त्यांचंही नुकसानच. माझ्यापुरता उपाय एवढाच की आधी मुद्दा मराठीत सांगू द्यायचा, मग इंग्रजीत. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर बीए, बीकॉम, बीएस्सीला एईसी (एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स, म्हणजे क्षमता वाढवणारा विषय) म्हणून भारतीय भाषांचे पेपर आले, त्यांत मराठीही आहे. तिथे तरी तक्रार अर्ज, इतिवृत्त, निवेदन यांचा सराव व्हावा. त्या तासांना कवितांची रसग्रहणंच चालणार असतील तर हीसुद्धा संधी वाया गेली म्हणायची.

तुमच्या भावाबद्दल : ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ला गाव, वडिलांचा व्यवसाय आणि ‘हॉबी लिसनिंग टू म्युझिक’ हे सांगायची गरज नसते, बायोडेटा त्यांच्या हातातच असतो. त्याने स्वतः केलेलं एकच काम निवडावं आणि ते तुम्हाला समजावून सांगावं. तुम्ही त्याच्या शाखेचे नसाल तर फारच उत्तम. जिथे कळणार नाही तिथे बिनदिक्कत अडवा, दादा-ताई म्हणून सूट देऊ नका.

आणि भाची. लेक्चरं बुडवली तर फारसं बिघडत नाही, नोट्स कुठेही मिळतात. बॅचचं प्रॅक्टिकल मात्र एकही चुकवू नको म्हणावं. मिनिट्स लिहायला कुणी तयार होत नाही तेव्हा तिने हात वर करावा, आणि प्रेझेंटेशनला पहिला नंबर लावून घ्यावा. म्हणजे सेमिस्टर संपायच्या आत दुसरी फेरी मागता येते.