कमांड तीच, मशीन तेच, मंग बेरीज शून्य काहून?

आमच्या इथल्या जिनिंगच्या काट्याच्या खोलीत एक जुना लिनक्सचा कॉम्प्युटर आहे. महिन्यात किती क्विंटल कापूस उतरला ते काढायला मी पाच ओळींची स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या कमांडची फाइल, लिहून दिली होती. दोन हंगाम बिनबोभाट चालली. यंदा मुनीमकाकांचा फोन आला, "काहून रे भाऊ, नोव्हेंबरची बेरीज शून्य दावते? गाड्या तं सडकीपावतर लागल्या हायेत!"

मी घरूनच एसएसएचनं (दुरून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवायची सोय) त्या कॉम्प्युटरात शिरलो, स्क्रिप्ट चालवली. बेरीज बरोबर! काकांनी आयकॉन दाबला. शून्य. मी म्हटलं, काका, तुमचा हात लागला की बिघडते. ते दोन दिवस बोलले नाहीत.

चूक माझीच होती. काकांच्याच आग्रहानं मी स्क्रीन मराठी केली, म्हणजे 'लँग' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (कमांड मागून वाचतात अशी सेटिंग, ही भाषेची) बदललं. स्क्रिप्ट 'डेट' कमांडला महिन्याचं नाव विचारायची अन् ते 'ग्रेप'नं काट्याच्या फाइलीत शोधायची. फाइलीत महिना इंग्रजीत, 'डेट' आता मराठीत बोलत होती. सापडणार काय, कप्पाळ? एररही नाही. अन् घरून चाललं कसं? डेबियन-उबुंटूवर एसएसएच आपल्या मशीनची भाषा सोबत घेऊन जाते. माझ्या लॅपटॉपचं इंग्रजी तिथं पोचलं होतं.

दवाचा कापूस सकाळी जड भरतो हे इथं पोरालाही माहीत आहे. पण व्यापारी निदान मीटर खुपसून ओलावा दाखवतो, ८ टक्क्यांवर गेला की कापतो. या कमांड गुपचूप कापतात. ओळी क्रमानं लावणाऱ्या 'सॉर्ट'चा क्रमही भाषेप्रमाणे फिरतो. 'पॉझिक्सली_करेक्ट' नावाचं व्हेरिएबल कुठं लावलेलं असलं की डिस्कवरची जागा दाखवणारी 'डीएफ' १०२४ ऐवजी ५१२ बाइटचे ब्लॉक मोजते, आकडे दुप्पट! ग्रेपला मागून ऑप्शन चिकटवणाऱ्या 'ग्रेप_ऑप्शन्स' व्हेरिएबलचा तर इतका वैताग झाला की ग्रेपवाल्यांनीच २०१४ पासून ते मोडीत काढायला घेतलं.

"मॅन्युअलमध्ये लिहिलंय" असं कोणी म्हणेलच. लिहिलंय, मान्य. पण माझं मत पक्कं आहे : माणसाच्या डोळ्यासाठी छापता तेव्हा खुशाल मराठीत छापा, मला आनंदच आहे. तेच आउटपुट पुढच्या कमांडला जात असेल तेव्हा भाषा बदलायची नाही.

आता स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'एलसी_ऑल'ला (भाषेच्या बाकी सेटिंगवर मात करणारं व्हेरिएबल) 'सी', म्हणजे साधी मूळ इंग्रजी पद्धत, लिहून एक्स्पोर्ट केलंय, म्हणजे पुढच्या कमांडना तेच दिसतं. काकांची स्क्रीन मराठीच ठेवली. काल गेलो तर चहा पाजला, पण म्हणाले, "माह्या हाताले नाव ठेवलं होतं ना तू?"