रॉक संगीताचे संग्रहालय, आणि ऐकायला काहीच नाही

संगीताच्या संग्रहालयात संगीत ऐकायला मिळावे, ही अपेक्षा अवाजवी आहे का? अमेरिकेतील एका रॉक संगीताच्या संग्रहालयात माणशी तीस-पस्तीस डॉलर मोजून आम्ही गेलो. काचेआडची जाकिटे, बूट, चष्मे आणि मुक्या गिटारी पाहण्यात अर्धा दिवस घालवून मी जो संताप घेऊन बाहेर पडले, तो अजून उतरलेला नाही.

गिटारींचे दालन तर भलेमोठे आहे. प्रत्येक गिटारीखाली, गुडघ्याच्या उंचीवर, काळ्या पाटीवर करड्या अक्षरांत वादकाचे नाव, वाद्याचे साल आणि ते ज्या संग्राहकाच्या मालकीचे आहे त्याचे आभार, एवढेच लिहिलेले. त्या वाद्यातून तो आवाज निघतो कसा, याबद्दल चकार शब्द नाही. तारांखाली चुंबक असतात, त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात आणि वरची पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते, एवढे लिहायला कोणी हात धरले होते? गिटारवादक जिमी हेंड्रिक्स डावखुरा होता, उजव्या हाताची गिटार उलटी धरून आणि तिच्या तारांचा क्रम बदलून तो वाजवत असे. त्यामुळे तिरका बसवलेला चुंबकांचा संचही उलटा होई आणि जाड व बारीक तारांच्या आवाजात फरक पडे. हे समजले की गिटारीकडे पाहण्याची नजरच बदलते. १९६४ मध्ये ‘द किंक्स’ या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या छोट्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने चिरला आणि त्यातून निघालेला खरखरीत आवाज जगभर गाजला. एक धड आणि एक चिरलेला असे दोन स्पीकर शेजारी ठेवून वाजवून दाखवले असते, तर माझ्या बारा वर्षांच्या मुलीला तो इतिहास क्षणात कानांनी कळला असता.

ऐकण्यासाठी हेडफोन होते, नाही असे नाही. त्यांतल्या काहींची एकच बाजू चालू होती, एकाच्या कानावरचा स्पंज फाटून पिवळा पडला होता, आणि जिथे दोन्ही बाजू चालत होत्या तिथे गाणे जेमतेम अर्धा मिनिट वाजून, ऐन सोलो (एकट्या वाद्याचा तुकडा) सुरू होताना, कापले जात होते. शिवाय तीन दालनांतले मोठे पडदे एकाच वेळी गर्जत असल्याने कोणतेच गाणे धड ऐकू येत नव्हते. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगितले, तर ते बऱ्याच दिवसांपासून असेच आहे, एवढेच तो म्हणाला आणि पुढे निघून गेला. एकही खंड न पडता, स्वच्छ आवाजात गाणी वाजत होती ती फक्त बाहेर पडण्याच्या वाटेवरच्या दुकानात.

सर्वांत जास्त चीड आली ती सिस्टर रोझेटा थार्प यांच्या वाट्याला आलेल्या जागेची. एल्विस प्रेस्लीचे नाव जगाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, १९४० च्या दशकात ही कृष्णवर्णीय गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिसंगीत) गायिका इलेक्ट्रिक गिटार घेऊन मंचावर उभी राहत होती. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद रेल्वे स्थानकाच्या फलाटावर तिने केलेल्या वादनाचे चित्रीकरण उपलब्ध आहे. असे असताना तिच्या नावावर जिन्याखालचे एक छायाचित्र आणि चार ओळी, आणि एल्विसच्या कपड्यांना अख्खी भिंत? बिग मामा थॉर्नटन या गायिकेने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘हाउंड डॉग’ एल्विसने १९५६ मध्ये गायले. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे एकापाठोपाठ ऐकवण्याऐवजी थॉर्नटनचे नाव एका ओळीत उरकले होते.

‘क्वीन’ बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या पाटीवर झांझिबारनंतर थेट लंडन होते. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला, पियानो वाजवू लागला, तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शाळकरी बँडमध्ये तो वाजवत असे. ही सगळी वर्षे गायब! साताऱ्याजवळ वाढलेल्या माझ्या नवऱ्याने ती पाटी दोनदा वाचली आणि तो काही न बोलता पुढे गेला.

हेडफोन दुरुस्त करा, गाणी पूर्ण वाजू द्या, पाट्या डोळ्यांच्या उंचीवर लावा आणि थार्प यांना जिन्याखालून बाहेर काढा, असे मी संग्रहालयाला सविस्तर लिहून कळवले आहे. तोवर माझ्याकडे येणाऱ्या एकाही पाहुण्याला मी तिथे घेऊन जाणार नाही.