बदलापूर घ्यावं की कर्जत?

पक्या बदलापुरात टू बीएचके बघतोय. डोंबिवलीचं भाडं परवडेना म्हणून. एवढं कळलं आणि कट्टा पेटला.

"सीएसएमटीपासून 68 किलोमीटर! रोज जाशील?" सुन्याचा पहिलाच प्रश्न.

"गाडी तिथूनच सुटते. बसायला मिळतं."

"कसलं मिळतं! अंबरनाथवाले उलटे येऊन खिडक्या धरतात. गाडी बदलापुरात शिरतानाच भरलेली. त्यापेक्षा कर्जत बघ. पनवेल-कर्जत लोकल धावू लागली की भाव बघ."

"भाव वाढेल तेव्हा वाढेल, हप्ता पहिल्या महिन्यापासून चालू," पक्या म्हणाला. मला पटलं. शिवाय कर्जत म्हणजे 100 किलोमीटर. शनिवार-रविवारच्या बंगल्याला ठीक, नोकरदाराला नाही.

इतका वेळ गप्प असलेले भाऊ बोलले, "स्टेशन सोड. बिल्डिंगपासून उल्हास नदी किती लांब?"

"एजंट म्हणाला, लांब आहे."

सगळे हसले. 2005 च्या 26 जुलैला बदलापूर बुडालं. 2019 च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली, हजारावर प्रवासी बोटींनी काढले. भाऊंचं म्हणणं, एजंटला कशाला विचारतोस, पूररेषेचा नकाशा बघ. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतल्या पुराची लाल. निळ्याच्या आत असेल तर फुकट दिला तरी नको. दोन्हींच्या मधला असेल तर पार्किंग बुडणार हे धरून चाल.

"पण रेरा नंबर आहे ना, सरकारकडे प्रकल्पाची नोंदणी झाल्याचा!"

"आपल्या कल्याण-डोंबिवलीतल्या त्या 65 इमारती विसरलास? खोट्या परवानग्यांवर रेरा नंबर काढले होते. कोर्टाने पाडायला सांगितल्या. नंबर बघून थांबू नकोस. बांधकाम परवानगी खरी का, ते नगरपालिकेत जाऊन विचार. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, माग."

सुन्याने मध्येच टाकलं, घर एकट्या बायकोच्या नावावर घे, स्टॅम्प ड्युटीत एक टक्का वाचतो. यावर मात्र एकमत झालं.

मी म्हटलं, आधी तिथेच एक पावसाळा भाड्याने राहा. नळाला पाणी किती वेळ येतं, वीज किती जाते, रात्री रिक्षावाला स्टेशनवरून घरापर्यंत येतो का, सगळं कळेल.

"दोनदा सामान हलवायचं हे बायकोला कोण सांगणार?" पक्याने विचारलं.

कुणीच पुढे आलं नाही. भाऊंनी आणखी पाच कटिंग सांगितले.