नागपूर भोसल्यांनी वसवलं? थोडं थांबा

‘नागपूर शहर रघुजीराजे भोसल्यांनी वसवलं’ असा मेसेज सध्या फॅमिली ग्रुपवर फिरतोय. आमच्या काकांनीही तो ‘अभिमान वाटतो’ म्हणून पुढे ढकलला. अभिमान वाटू द्या काका, पण शहर वसवलं ते देवगडच्या (कोकणातलं नव्हे, छिंदवाड्याकडचं) गोंड राजानं, बख्त बुलंद शाहानं, 1702 च्या सुमारास. नाग नदीकाठची बारा खेडी जोडून. त्याचा मुलगा चांद सुलतान यानं तटबंदी घातली, जुम्मा तलाव बांधला. तोच हा गांधीसागर, ज्याच्या काठावर आपण संध्याकाळी हवा खायला जातो. महाल भागातला गांधी गेट म्हणजे त्याच तटाचा जुम्मा दरवाजा.

रघुजी आले ते 1739 मध्ये चांद सुलतान वारल्यावर, वारसाच्या भांडणात राणीनं मदतीला बोलावलं म्हणून. 1743 मध्ये कारभार त्यांच्या हाती गेला. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. नाममात्र गादी ठेवली, तनखा दिला.

आणि नाव? ते तर गोंडांच्याही आधीचं. वर्धा जिल्ह्यातल्या देवळीला सापडलेल्या राष्ट्रकूटांच्या दहाव्या शतकातल्या ताम्रपटात ‘नागपुर’ आहे.