एका उद्दिष्टाची किंमत दुसऱ्याने मोजायची का?

संयुक्त राष्ट्रांत २०१५ साली ठरलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे (दारिद्र्य, पाणी, जमीन, हवामान अशा विषयांवरची) रखडण्यास कोविड आणि युद्धेच कारणीभूत आहेत, असे देशांच्या क्रमवारीवर आधारलेल्या एका लेखात म्हटले आहे; लेखकाचे हे म्हणणे मला अर्धेच पटते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात या उद्दिष्टांखालील जेमतेम १७ टक्के लक्ष्ये योग्य मार्गावर असल्याचे म्हटले होते हे खरे. परंतु जगाचे कार्बन उत्सर्जन कोविडपूर्वीही, अगदी २०१९ पर्यंत, वाढतच होते. उद्दिष्टे एकमेकांना छेद देतात, हे कारण लेखात आलेच नाही.

कोल्हापुरात ते ठळक दिसते. राधानगरी धरणाचे पाणी आणि सहकारी तत्त्वावरील उपसा सिंचन योजना यांमुळे ऊस वाढला, घरात पैसा आला, मुले शिकली, आणि हे यश कोणी नाकारू नये; मात्र त्याच बेसुमार पाण्याने शिरोळ तालुक्यातील कसदार काळी जमीन क्षारपड (क्षार साचून नापीक) झाली, आणि पंचगंगा नदीत शहरांचे सांडपाणी व उद्योगांचे दूषित पाणी मिसळतच राहिले. दारिद्र्य, पाणी आणि जमीन यांचे निर्देशक स्वतंत्रपणे मोजले जात असल्यामुळे एका रकान्यातील प्रगतीने दुसऱ्या रकान्यात काय नेले, याचा हिशेब लागत नाही. लेखकाने देशांच्या क्रमवारीऐवजी एखादे नदीखोरे घेऊन ही तपासणी केली, तर ती आम्हाला (आणि बहुधा जिल्हा नियोजन समितीलाही) अधिक उपयोगी ठरेल.