‘कोसला’ बाहेर गेलीय

दुपारपासून डोकं तापलंय. घरी आले, आंघोळ केली, कुकर लावला, तरी उतरेना. म्हणून इथे ओकतेय. लांबलचक होणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी खुशाल पुढे सरकावं.

आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, सव्वीस-सत्तावीसची. (फेसबुकवर नाही, म्हणूनच लिहितेय. नाव, खातं काही सांगणार नाही, विचारू नका.) गेले दोन महिने तिचं काहीतरी बिनसलंय हे आंधळ्यालाही दिसेल. डबा उघडते, दोन घास खाते, झाकण लावते. आज पँट्रीत चहाच्या मशीनसमोर उभी होती. कप भरला, वाहायला लागला, चहा खाली फरशीवर आला, तरी हिचं बोट बटणावरच. मग रडायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे. आणि आमच्यातले एक ज्येष्ठ गृहस्थ स्वतःचा कप विसळता विसळता म्हणाले, “फार कादंबऱ्या वाचते ना ही. बसमध्ये, लंचमध्ये, बघावं तेव्हा नाक पुस्तकात. मग असंच होतं.” दोघंतिघं हसले. एकाने वर जोड दिली, “येरवड्याला एक कॉट सांगून ठेवा.”

येरवडा! पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणे, कोकणात रत्नागिरी. मनाने आजारी माणसं बरी व्हावीत म्हणून बांधलेली इस्पितळं, आपण त्यांच्या शिव्या केल्या. हार्टच्या हॉस्पिटलच्या नावाने कोणी टाळ्या देऊन हसल्याचं ऐकलंय का तुम्ही?

पण मला जास्त लागलं ते पहिलं वाक्य. कादंबऱ्या वाचते म्हणून.

काही जणांना माहीत आहे, बहुतेकांना नाही. २००६ मध्ये सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं. यापुढे त्याबद्दल काही लिहिणार नाही. माहेरी गेले होते, सांगलीकडे. घरी माणसांची रीघ. “अजून वय आहे गं.” “दुसरं होईल.” “आमच्या नणंदेचं तर नवव्यात गेलं, बघ.” कोणी वाईट नव्हतं त्यातलं. येताना केळी घेऊन यायच्या बिचाऱ्या. पण प्रत्येक वाक्यानंतर वाटायचं, उठावं आणि मोरीत जाऊन दार लावून घ्यावं. लावायचेही.

आईने एक दिवस वैतागून वाचनालयात पिटाळलं. मासिकं बदलून आण म्हणाली. तिथे काउंटरवर एक काकू असायच्या. मी शाळेत असल्यापासून त्याच. दहावी नापास, पगार सांगायला लाज वाटावी इतका, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांना सगळं कळलेलं होतं, गाव केवढं ते! त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “तुझं कार्ड अजून आहे. बापाने दर वर्षी वर्गणी भरलीय.” बस. आणि एक जाडजूड कादंबरी काढून दिली.

ती मी वाचली नाही. वाचताच यायचं नाही तेव्हा. एकच ओळ पाच वेळा वाचायची आणि सहाव्यांदा पहिल्या शब्दापासून. पंधरा दिवसांनी परत नेली. काकूंनी पुस्तक उघडलं, आत माझं एसटीचं तिकीट पान अकरावर होतं. त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं, शिक्का मारला, दंड घेतला नाही, ‘वाचली का’ विचारलं नाही. आत गेल्या आणि बारीकशी ‘बनगरवाडी’ घेऊन आल्या. “ही हलकी आहे हातात धरायला,” म्हणाल्या. हातात धरायला! वाचायला नाही.

ती मी वाचली. माणदेशातल्या मेंढरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर जातो, एवढीच गोष्ट. शेवटी दुष्काळात वाडी ओस पडते, पण तिथवर पोचायला मला महिना लागला आणि तोवर मी जरा टेकीला आले होते. काकूंनी हाही हिशेब केला असणार. माझी खात्री आहे.

हे गृहस्थ म्हणतात तसं कादंबऱ्यांनी डोकं फिरतं ही ओरड काही नवी नाही. बायकांच्या हातात पुस्तक दिसलं की आपल्याकडे पोटात दुखतंच. पण मुळात मराठी कादंबरी सुरू कुठून झाली? १८५७ सालचं बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’, विधवांचे हाल. मग हरिभाऊ आपटे. पुण्यातला एक पुरुष, १८९० च्या सुमारास, एका मुलीच्या तोंडून पानंच्या पानं लिहितो. यमू स्वतःच सांगते सगळं, माहेर, सासर, नवरा गेल्यावर डोक्यावरून फिरलेला वस्तरा. ज्या साप्ताहिकात ती येत होती त्याचं नाव काय, तर ‘करमणूक’! आणि कादंबरीचं नाव ‘पण लक्षात कोण घेतो?’ आज पँट्रीत उभं राहून मला हेच नाव मोठ्याने म्हणावंसं वाटलं. म्हटलं असतं तरी कोणाला कळलं असतं, देव जाणे.

बरं, मान्य. नुसत्या पुस्तकांनी कोणी बरं होत नाही. मला गोळ्या लागल्या, आठ महिने लागल्या, आणि ज्यांनी दिल्या त्या डॉक्टरांचे उपकार आहेत. आता तर १४४१६ ला फोन केला की टेली-मानसवर, म्हणजे मनाच्या दुखण्यांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनवर, मराठीतसुद्धा बोलता येतं, फुकट, रात्रीसुद्धा. तो नंबर कोणाला लागत असेल तर लाजू नका. आणि हेही मान्य, की भिंतभर पुस्तकं असलेली काही माणसं सख्ख्या सुनेशी जनावरासारखी वागतात. नात्यातच आहेत, नावं घेत नाही, दिवाळीला भेटावं लागतं.

तरीही.

कारण काकूंचं खरं ते मी अजून सांगितलंच नाही. थोडी वाचायला लागल्यावर मी त्यांच्याकडे नेमाड्यांची कादंबरी ‘कोसला’ मागितली. कॉलेजात वाचली होती, तिच्या नायकाच्या सारख्या येणाऱ्या ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’वर पोट धरून हसलो होतो आम्ही मैत्रिणी. म्हटलं, तेवढंच हसू येईल. काकू म्हणाल्या, “ती बाहेर गेलीय.” पुढच्या खेपेला मागितली. “बाहेर गेलीय गं.” तिसऱ्या खेपेला मी चिडले, म्हटलं हा कोण दंड भरणारा शहाणा आहे? काकू हसल्या, दुसरंच काहीतरी हातात दिलं.

मग एकदा त्या सुट्या पैशांसाठी शेजारच्या किराणावाल्याकडे गेल्या आणि मला म्हणाल्या, खणातून शिक्का घे. खण ओढला. डिंकाची बाटली, शिक्का, आणि ‘कोसला’च्या दोन प्रती. दोन्ही! त्या परत आल्या, बघितलं, खण पोटाने लोटून बंद केला आणि म्हणाल्या, “बाइंडिंगला द्यायच्यात.” बाइंडिंग ठणठणीत होतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं. मनी. ‘कोसला’च्या नायकाची, पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण. देवीच्या रोगाने जाते ती. आणि मग ती पानं येतात, ज्यांनी वाचलीत त्यांना सांगायला नको. मी साफ विसरले होते, मला फक्त वगैरे वगैरे आठवत होतं. काकू विसरल्या नव्हत्या. तिसऱ्यांदा मागितली तेव्हाही त्यांनी मला कारण सांगितलं नाही, कारण ते सांगायचं म्हणजे पोराच्या मरणाचा विषय काउंटरवर काढायचा.

हे कुठल्या पुस्तकात शिकवतात? मी म्हणते, त्या रॅकवरच्या सगळ्याच कादंबऱ्यांत. चाळीस वर्षं वाचत बसलेली बाई होती ती. कुठल्या पानावर कोणाला काय होतं ते तिला पाठ होतं, आणि समोर उभ्या असलेल्या पोरीला आत्ता काय झेपणार नाही तेही. केळी घेऊन येणाऱ्यांना हेच जमत नव्हतं.

(कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. भात लागला. असो.)

आता थोडी थंड झालेय, तर खरं ते लिहिते. मी काय केलं आज? टिश्यू पेपर घेतला आणि मशीनखालचा चहा पुसला. एवढंच. तोंडातून अक्षर निघालं नाही. त्या गृहस्थांना एक शब्द सुनावला नाही, तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. उलट त्यांनीच तिला पाण्याचा ग्लास आणून दिला, हेही सांगायला हवं. देताना म्हणाले, “कशात तरी मन रमव बाई.” अहो, ती दुसरं काय करत होती दोन महिने? पण ग्लास त्यांनी दिला, मी नाही. मी फरशी पुसत होते. घरी येईपर्यंत त्यांच्यावर चिडून होते, आता कोणावर चिडू ते कळत नाहीये.

काकू २०१५ मध्ये गेल्या. मला चार दिवसांनी कळलं. त्यांच्यापुढे ‘कोसला’चा विषय मी कधीच काढला नाही, त्यांनीही नाही. मी बरी झाल्यावर, दीडेक वर्षाने, बदलायला आलेल्या पुस्तकांच्या वर त्यांनी ती आपणहून ठेवली होती. “आली बघ परत,” म्हणाल्या.

गेला तासभर मी माझ्या कपाटासमोर खाली बसलेय. उद्या तिच्या टेबलावर एखादं पुस्तक ठेवावं, चिठ्ठी-बिठ्ठी काही नको, असं डोक्यात आहे. काढतेय आणि परत ठेवतेय. यात आई मरते. यात नवरा सोडून जातो, आणि तिचं दुखणं नेमकं कशाचं आहे ते मला ठाऊक नाही. ही जाड आहे. ही चांगली आहे, पण शेवटची तीस पानं फाडून द्यावी लागतील. आयुष्यभर वाचलं आणि धड एक सापडेना!

तर मंडळी, तुम्हीच सांगा. मराठी कादंबरी हवी, दीडशे-पावणेदोनशे पानांच्या आत, हातात धरायला हलकी. प्रेरणादायी वगैरे अजिबात नको. कोणी मेलं तर चालेल, पण फार तरुण नको, आणि अचानक नको. कुत्र्या-मांजराला काही होत असेल तर तेही आधी सांगा. सकाळी साडेआठची बस आहे माझी, त्याच्या आत.