इंटरव्ह्यू पॅनेलवर नाव आलंय? मग एवढं वाचाच

अभिनंदन! तुम्ही आता इंटरव्ह्यू घेणार. म्हणजे काल संध्याकाळी कॅलेंडरवर एक निमंत्रण येऊन पडलं आणि ते वेळेत नाकारायचं तुमच्याकडून राहून गेलं. घाबरू नका. मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना भरपूर बसलोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. चुकीच्या माणसाला 'हो' म्हणालात, तर तो रोज समोर दिसणार आणि 'याला घेतला कोणी?' हा प्रश्न फिरत फिरत तुमच्या दारात येणार. चांगल्या माणसाला 'नाही' म्हणालात, तर तो दिसतच नाही. २००९ मध्ये फेसबुकने ब्रायन ॲक्टन नावाच्या इंजिनिअरला नोकरी नाकारली. तो व्हॉट्सॲपच्या उभारणीत गेला आणि २०१४ मध्ये फेसबुकनेच ते व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. आता सांगा, त्याला 'नाही' म्हणणाऱ्या पॅनेलमधलं एक तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे? बस्स. आपल्याला एवढंच साधायचंय.

सुरुवात जाहिरातीपासून करा. कामाचं वर्णन जुन्या तीन जाहिरातींतून उचला आणि अनुभवाची वर्षं अंदाजपंचे टाका. २०२० मध्ये सेबास्तियन रामिरेझच्या पाहण्यात अशीच एक जाहिरात आली होती. फास्टएपीआय या फ्रेमवर्कवर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायच्या तयार सांगाड्यावर, चार वर्षांहून जास्त अनुभव हवा, अशी अट. फास्टएपीआय त्यानेच लिहिलेलं, आणि तेही जेमतेम दीड वर्षापूर्वी. कंपनीचं काय चुकलं यात? गरज ओळखून त्यानेच जरा लवकर लिहायला घ्यायचं होतं.

मग असाइनमेंट. 'दोन-तीन तासांचं काम आहे' असं मेलमध्ये लिहायचं आणि द्यायचं मात्र शनिवार-रविवार खाऊन उरेल एवढं. उमेदवार बिचारा टेस्ट लिहितो, रीडमी लिहितो, रात्री दीड वाजता व्हेरिएबलची नावं बदलत बसतो. तुम्ही ते उघडायची काहीच गरज नाही. मी एकदा असंच दोन दिवस घालून काहीतरी पाठवलं होतं. आठवड्याने कॉलवर मला मोठ्या आपुलकीने विचारण्यात आलं, 'ती लिंक परत एकदा चॅटवर टाकता का?'

प्रत्यक्ष कॉलवर आठ-दहा मिनिटं उशिरा या. 'सॉरी, आधीची मीटिंग लांबली' हे पुरतं. उमेदवाराला स्वतःबद्दल सांगायला लावा, कारण रेझ्युमे वाचायला तेवढाच वेळ मिळतो. फक्त चष्मा असेल तर काढून ठेवा. काचेत दुसरी विंडो सरकताना दिसते. कॅमेरा बंद असला तर उत्तमच, दर थोड्या वेळाने 'हं' म्हणत राहा. माझ्या चौथ्या राउंडला असाच एक अदृश्य गृहस्थ होता. त्याच्या 'हं'चा ताल इतका एकसारखा होता की मला शंका आली आणि मी मुद्दाम वाक्य अर्ध्यात सोडलं. दोन सेकंद शांतता. मग 'हं.'

तांत्रिक प्रश्न विचारताना मन खंबीर ठेवा. रोजच्या कामाबद्दल चुकूनही विचारू नका. ते त्याला येत असतं. होमब्रू हे मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलने २०१५ मध्ये जगजाहीर सांगितलं की गुगलने त्याला परत पाठवलं: तुझं सॉफ्टवेअर आमचे बहुतेक इंजिनिअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी मांडणी) उलटा करता येत नाही, तर नमस्कार. तुम्ही स्वतः कामावर शेवटचा ट्री कधी उलटा केलात? मीही नाही केला. म्हणून उत्तर आदल्या रात्री वाचून ठेवायचं आणि तो दुसऱ्या वाटेने गेला की मान हलवून 'ऑप्टिमल नाहीये' म्हणायचं. ऑप्टिमल म्हणजे काय हे उलटून विचारण्याची हिंमत नोकरी मागायला आलेला माणूस करत नाही.

कोडी घालायचा मोह होईल. गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्येच सांगून टाकलं की असल्या कोड्यांतून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही, घेणाऱ्याला मात्र आपण हुशार आहोत असं वाटतं. मग घाला की! दिवसभरात तसं वाटायचे प्रसंग आपल्याला येतात किती?

सगळी उत्तरं बरोबर आली तर 'कल्चर फिट' नाही, म्हणजे आमच्या वातावरणात बसत नाही, हे कारण आहेच.

आणि आता खरी कला. निर्णय घ्यायचा नाही, घोंगडं भिजत ठेवायचं. आणखी एक राउंड, मग 'डायरेक्टरशी जनरल गप्पा', मग डायरेक्टर सुट्टीवर, मग 'पोझिशन सध्या होल्डवर'. तीन महिने असे काढून झाले की शुक्रवारी संध्याकाळी त्याला विचारायचं, 'सोमवारपासून जॉइन होऊ शकाल का?' तो गडबडला की त्याची तळमळ कमी पडली, अशी नोंद करता येते. नकाराचं पत्र पाठवायच्या भानगडीत पडू नका. पत्र लिहिलं की कारण लिहावं लागतं, आणि कारण लिहायचं म्हणजे आपल्याला नेमकं कोण हवं होतं ते आधी आठवावं लागतं.

जागा रिकामीच राहील, त्याची काळजी नको. दोन महिन्यांनी तीच जाहिरात पुन्हा लागेल आणि एचआरमधलं कोणीतरी नवं त्याच माणसाला फोन करेल: 'तुमचा प्रोफाइल आमच्या रोलसाठी अगदी परफेक्ट आहे.' तो म्हणेल, 'अहो, मी तुमच्याकडे सहा राउंड देऊन बसलोय.' त्यांना आधीच शिकवून ठेवा. 'अरे वा, म्हणजे प्रोसेस तुम्हाला माहितीच आहे,' असं म्हणायचं आणि पहिल्या राउंडसाठी मंगळवार चालेल की बुधवार, ते विचारायचं.